आधी शेण मोजा, मग इंजिनाला हात लावा : डिझेल इंजिन गोबरगॅसवर चालवू पाहणाऱ्यांसाठी

अमळनेर-पारोळ्याच्या आमच्या पट्ट्यात जुन्या विहिरीवर पत्र्याची एक खोली हमखास दिसते. आत गोणपाटाखाली झाकलेलं ५ एचपीचं डिझेल इंजिन. मोटर बसल्यापासून त्याला कुणी विचारत नाही. पण शेतीच्या विजेची कधी दिवसाची पाळी, कधी रात्रीची. त्यात ऐन मे महिन्यात डीपी (विजेचा ट्रान्सफॉर्मर) जळाली की नवी येईपर्यंत पीक वाट बघत नाही. मग गोणपाट निघतं, हँडल मारलं जातं आणि डिझेलचा कॅन घेऊन कुणीतरी पंपाकडे पळतं. अशाच एका उन्हाळ्यात माझ्या मनात आलं, की गोठ्यात एवढी जनावरं आहेत, दारात गोबरगॅस आहे, तर हे इंजिन त्यावर का चालू नये?

चालतं. माझं सहा वर्षं चालतंय. पण हे ऐकून माझ्याकडे येणारे बहुतेक जण पहिला प्रश्न विचारतात, "आप्पा, किट कुठं मिळतं?" माझा पहिला प्रश्न वेगळा असतो: जनावरं किती? या कामात इंजिनाची जोडणी हा सर्वांत सोपा भाग आहे. अर्ध्या दिवसात होतो. फसगत होते ती गॅसच्या हिशेबात.

डिझेल पूर्ण का सुटत नाही

पेट्रोल इंजिनात प्लग ठिणगी टाकतो. डिझेल इंजिनात प्लगच नसतो. पिस्टन हवेला सोळा-अठरा पटीनं दाबतो, त्या दाबानं हवा तापते आणि नोझलनं फवारलेलं डिझेल आपोआप पेटतं. डिझेल साधारण २१० ते २५० अंश सेल्सिअसला स्वतःहून पेट घेतं. गोबरगॅसमधला जळणारा भाग म्हणजे मिथेन, आणि तो असा आपोआप पेटायला ५४० अंशांच्या आसपास तापमान लागतं. त्यामुळे नुसता गॅस आत सोडला तर इंजिन तो दाबेल आणि न जाळता सायलेन्सरमधून बाहेर टाकेल.

म्हणून थोडं डिझेल चालू ठेवायचं. डिझेल ही काडी, गॅस हे सरपण. हवेबरोबर गॅस आत घ्यायचा आणि त्याला पेटवण्यापुरतं, म्हणजे नेहमीच्या १५ ते २० टक्के डिझेल नोझलमधून येऊ द्यायचं. याला ड्युअल फ्युएल म्हणतात. यात हेड, पिस्टन, नोझल, टायमिंग कशालाही हात लावावा लागत नाही, आणि मध्येच गॅस संपला तर इंजिन न थांबता डिझेलवर चालू राहतं. शेतकऱ्याला यापेक्षा सोयीचं काही नाही.

दुसरा मार्ग आहे तो इंजिन शंभर टक्के गॅसवर नेण्याचा. त्यात नोझल काढून तिथं स्पार्क प्लग बसवतात, पिस्टन किंवा हेडमध्ये काम करून दाब दहा-बारा पटीपर्यंत उतरवतात, ठिणगीची व्यवस्था आणि गव्हर्नरला, म्हणजे इंजिनाचा वेग आपोआप सांभाळणाऱ्या यंत्रणेला, जोडलेला गॅसचा थ्रॉटल (गॅस कमी-जास्त करणारी झडप) बसवतात. मोठी डेअरी असेल आणि जनरेटर रोज सात-आठ तास चालणार असेल तरच याचा विचार करावा. ते इंजिन मग परत डिझेलवर चालत नाही. नवख्या माणसानं तिकडे जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेणाचा हिशेब

एक लटकता काटा घ्या आणि आठ दिवस रोज सकाळी शेण वजन करून वहीत लिहा. अंदाज धरू नका. पुस्तकी आकडा गायीला दिवसाला १० किलो आणि म्हशीला १५ किलो असा असतो. पण जनावरं दिवसभर चरायला जात असतील तर गोठ्यात निम्मंच पडतं.

पुढचं गणित सरळ आहे. एक किलो ताज्या शेणापासून साधारण ४० लिटर गॅस होतो, म्हणजे एक घनमीटर गॅसला २५ किलो शेण. इंजिनाला दर एचपीमागे तासाला ०.४५ घनमीटरच्या आसपास गॅस लागतो. ५ एचपीचं इंजिन ४ तास चालवायचं तर ५ गुणिले ०.४५ गुणिले ४, म्हणजे ९ घनमीटर. त्याला शेण लागलं २२५ किलो. गायी धरल्या तर बावीस-तेवीस!

हा आकडा ऐकून बरेच जण गप्प होतात. चार-पाच जनावरांवर घरची चूल उत्तम चालते, इंजिन रोज चालत नाही. तेव्हा खोटी आशा धरू नका. आठ-दहा जनावरं असतील तर एक दिवसाआड दोन-तीन तास इंजिन चालेल, पण दोन दिवसांचा गॅस साठवायला जागा हवी. रावेर-यावलकडचे केळीवाले विचारतात, की खांब टाकले तर? केळीच्या खांबात जवळजवळ सगळं पाणीच असतं आणि धागा भरपूर. बारीक कुट्टी करून शेणाबरोबर थोडा थोडा टाकला तर चालतो. मोठे तुकडे टाकले तर धागे वर तरंगून जाड साय धरतात आणि गॅस कोंडतो.

वाचतं किती? माझ्या अनुभवात एक घनमीटर गॅस ०.४ ते ०.५ लिटर डिझेलचं काम करतो. म्हणजे वरच्या ९ घनमीटरमागे साडेतीन ते साडेचार लिटर. याशिवाय स्लरी, म्हणजे टाकीतून बाहेर येणारं कुजलेलं पातळ शेण, मिळते, आणि केळी-कपाशीला तिचा उपयोग मी वेगळा सांगायला नको.

टाकी

तरंगत्या ड्रमची खादी ग्रामोद्योग पद्धतीची टाकी आणि जमिनीखालची पक्क्या घुमटाची दीनबंधू, हे दोन प्रकार आपल्याकडे रुळलेले आहेत. चुलीला दोन्ही चांगल्या. इंजिनाला मला ड्रमची टाकी बरी वाटते, कारण ड्रम वर असो वा खाली, गॅसचा दाब जवळपास सारखाच राहतो. घुमटाच्या टाकीत सुरुवातीला दाब जास्त आणि गॅस संपत आला की कमी, त्यामुळे इंजिनाशेजारी कॉक सारखा हलवत बसावं लागतं. दीनबंधू आधीच बांधलेली असेल तर मोडू नका. मध्ये गॅसचा रबरी फुगा बसवा, गॅस आधी त्यात घ्या आणि फुग्यातून इंजिनाला द्या.

अनुदान १ ते २५ घनमीटरच्या टाक्यांना केंद्राच्या योजनेतून मिळत आलं आहे आणि आपल्याकडे ते काम जिल्हा परिषदेचा कृषी विभाग बघतो. बांधकाम सुरू करण्याआधी तिथं जाऊन चालू वर्षाचे नियम विचारा. खड्डा खणून झाल्यावर गेलात तर उशीर होईल.

नव्या टाकीतला पहिला ड्रमभर गॅस मोकळा सोडून द्या, तोही विस्तवापासून लांब. त्यात हवा मिसळलेली असते. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असलं की ते मिश्रण भडका घेतं. दुसऱ्या भरतीचा गॅस चुलीवर लावून बघा. ज्योत निळी आणि स्थिर आली की मग इंजिनाचा विचार करा.

गॅस धुऊन घ्या

गोबरगॅसमध्ये ५५ ते ६५ टक्के मिथेन आणि बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो. तो काढायची गरज नाही. जागेवरच्या इंजिनाला त्याचा त्रास नाही, उलट त्यामुळे इंजिन ठोके मारायला, म्हणजे आतलं मिश्रण अवेळी पेटून खणखणायला, सहज तयार होत नाही. काढायच्या गोष्टी दोन: पाणी आणि सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड.

गॅस टाकीतून निघतो तेव्हा दमट असतो. पाइपात गार झाला की पाणी सुटतं आणि पाइपाच्या खोलगट जागी साचून वाट अडवतं. जानेवारीच्या सकाळी इंजिन धापा टाकायला लागलं तर पहिला संशय याच पाण्यावर घ्या. पाइप उतारानं टाका आणि सर्वांत खालच्या जागी टी (तीन तोंडांचा जोड) लावून पाणी काढायचा कॉक ठेवा. आम्ही तो रोज सुरू करण्याआधी उघडतो. पाइप एक इंचापेक्षा बारीक नको, आणि टाकी ते विहीर लांब असेल तर सव्वा-दीड इंची घ्या.

सल्फाइडचं काम मनावर घ्या, कारण नुकसान लगेच दिसत नाही. तो जळून आम्ल तयार होतं, ते इंजिन ऑइलमध्ये उतरतं आणि तांब्या-पितळेचे बुश खातं. उपाय स्वस्त आहे. लेथच्या दुकानातून लोखंडाचा चुरा आणा, पाणी शिंपडून आठ-दहा दिवस उघड्यावर चांगला गंजू द्या. मग दोन-तीन फूट उंचीच्या प्लास्टिकच्या उभ्या पाइपात तो सैल भरा, तळाला आणि वर जाळी द्या, गॅस खालून आत आणि वरून बाहेर. गंज सल्फाइडला धरून ठेवतो आणि लाल चुरा काळा पडत जातो. आरपार दिसणारा पाइप मिळाला तर काळेपणा कुठवर चढला ते रोज डोळ्यांनी दिसतं. तीन चतुर्थांश काळा झाला की बदला. एक सावधानी ठेवा. काळा चुरा बाहेर काढल्यावर हवा लागून तापतो, कधी पेटही घेतो. तो ओला करूनच काढा आणि कडब्याच्या गंजीपासून लांब पसरा. हवेत तो परत लाल होतो आणि आणखी दोन-तीनदा वापरता येतो.

चुरा काम करतोय का हे बघायला लेड अ‍ॅसिटेटची कागदी पट्टी असते. ओली करून गॅससमोर धरा, काळी पडली तर सल्फाइड निघून येतोय. नाकावर भरवसा ठेवू नका. हा वायू जास्त झाला की नाकाला वास येणंच बंद होतं, आणि नेमकं तेव्हाच तो जिवावर उठतो. रिकामी केलेली टाकी साफ करायला कुणालाही, सालदारालाही, खाली उतरवू नका.

जोडणी

एअर फिल्टर आणि हेड यांच्यामधल्या हवेच्या पाइपात टी बसवायचा. त्या टीमधून पाऊण इंची नळी आत न्यायची आणि तिचं टोक तिरकं कापून उघडी बाजू इंजिनाकडे ठेवायची, म्हणजे हवेची ओढ गॅसला सोबत घेऊन जाते. फिल्टर काढून तिथं गॅसची नळी खुपसलेली मी पाहिली आहे. आपल्याकडच्या धुळीत ते इंजिन दोन हंगामांत लायनर-रिंगांना येईल. टी आणि हेड यांच्यात फूटभर अंतर मिळालं तर गॅस-हवा चांगली मिसळते. तयार व्हेंचुरी मिक्सर मिळत असेल तर तो टीपेक्षा चांगला, पण टीवर अडत नाही. इंजिनाकडून ज्वाला उलटी जाऊ नये म्हणून गॅसच्या लाइनीत बारीक तारेच्या जाळीचा फ्लेम अरेस्टर बसवा. ही जाळी वगळू नका.

खोलीला वरच्या बाजूला दोन्हीकडून मोकळी खिडकी ठेवा. विडी-सिगारेट बाहेर.

दोन कॉक, आणि दुसरा हाताशी

पहिल्या वर्षी माझ्याकडे एकच कॉक होता. गॅस कमी-जास्त करायचा तोच आणि बंद करायचा तोच, आणि तो बसवला होता खोलीबाहेर भिंतीवर. एका दुपारी मी हौदाशी उभा होतो. इंजिनाचा आवाज एकदम चढला. नेहमीची धडधड तुटून नुसती किंचाळी झाली आणि खोलीतून सालदार ओरडला, "आप्पा, पट्टा उतरना!"

पंपाचा पट्टा उतरला होता, म्हणजे इंजिनावरचा भार एका क्षणात गेला. नुसत्या डिझेलवर असताना गव्हर्नर लगेच डिझेल मागे खेचतो आणि इंजिन सावरतं. इथंही त्यानं डिझेल खेचलं असणार, पण गॅस गव्हर्नरच्या ताब्यात नव्हता. जे काही थोडं डिझेल येत होतं ते गॅस पेटवायला पुरेसं होतं. फ्लायव्हील दिसेनासं झालं होतं आणि पाया थरथरत होता. मी धावत जाऊन कॉक फिरवेपर्यंत आठ-दहा सेकंद गेली असतील. त्या सेकंदांत सालदार इंजिनापासून तीन फुटांवर होता, हे आठवलं की अजून माझे हात गार पडतात.

तेव्हापासून नियम आहे. एक कॉक गॅस कमी-जास्त करायला. त्याच्याआधी दुसरा, पाव फेऱ्यात पूर्ण बंद होणारा बॉल व्हॉल्व्ह, इंजिनाच्या चालकाला उभ्या जागेवरून हात पोचेल असा, पण फ्लायव्हील आणि पट्ट्याच्या रेषेत नको. दांड्याला लाल रंग द्या. घरातल्या प्रत्येकाला तो एकदा फिरवायला लावा. फूट व्हॉल्व्हमधून (विहिरीतल्या पाइपाच्या तळाची झडप) पाणी सुटलं, विहीर आटून पंपानं हवा घेतली, तरी भार असाच जातो, म्हणून थेट जोडलेल्या पंपालाही हे लागू आहे. पाण्यासारख्या स्थिर भाराला हाताचा कॉक चालतो. सारखा भार बदलणाऱ्या जनरेटरला गव्हर्नरशी जोडलेला गॅस व्हॉल्व्हच हवा.

चालवणं

इंजिन नेहमीसारखं डिझेलवर सुरू करा. पाच-दहा मिनिटं तापू द्या, पंपाला पाणी धरू द्या. मग गॅसचा कॉक थोडा थोडा उघडा. आवाज किंचित चढेल आणि लगेच खाली बसेल. चढतो तेव्हा गॅस कामाला लागलेला असतो, बसतो तेव्हा गव्हर्नरनं तेवढं डिझेल कमी केलेलं असतं. परत थोडा उघडा, परत थांबा. एका टप्प्यावर इंजिन अडखळेल, फट्-फट् करेल किंवा खणखणीत ठोके मारेल. तिथून कॉक थोडा मागे घ्या. ती तुमच्या इंजिनाची जागा. दांड्यावर खूण करून ठेवा.

किती डिझेल वाचतंय हे तोंडी सांगण्यात अर्थ नाही. खुणा असलेली सलाईनची रिकामी बाटली टांगा, तिची नळी डिझेलच्या लाइनीला जोडा आणि घड्याळ लावून बघा, की १०० मिली किती वेळ पुरतं. माझं इंजिन पूर्ण भारावर नुसत्या डिझेलवर पाच मिनिटांत १०० मिली पितं. गॅस जोडल्यावर तेवढंच वीस मिनिटं पुरतं, म्हणजे चार भागांतले तीन वाचले. पंचवीस मिनिटांपुढे मी नेत नाही. नोझलमधून डिझेल फार कमी झालं की नोझलचं टोक तापतं, त्यावर कार्बन धरतो आणि फवारा बिघडतो. शेवटचे पाच टक्के वाचवायच्या हट्टात नोझलचा खर्च अंगावर येतो.

एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३-४४ ला जातो. आत जाणारी हवाच तापलेली, त्यामुळे ठोके लवकर सुरू होतात. त्या दिवसांत गॅस थोडा कमी ठेवा, थंड पाण्याची नळी तपासा आणि जमलं तर पहाटे चालवा.

बंद करताना आधी गॅस, मग डिझेल. गॅस तोडल्यावर पाच मिनिटं नुसत्या डिझेलवर चालू द्या, म्हणजे सिलिंडरमधला गॅस आणि आम्लाचा अंश जळून जातो. इंजिन उभं असताना गॅसचा कॉक उघडा राहिला तर खोली गॅसनं भरेल, म्हणून टाकीकडचाही कॉक बंद करा. ऑइल पुस्तकात लिहिलेल्या तासांच्या निम्म्यावर बदला. नोझल दर हंगामाला डिझेल पंप-नोझल दुरुस्त करणाऱ्याकडून तपासून घ्या.

ज्याला हात लावू नये

घरगुती सिलिंडरचा एलपीजी इंजिनाला जोडणं बेकायदा आहे. शिवाय डिझेल इंजिनाच्या दाबात तो गोबरगॅसपेक्षा खूप लवकर ठोके मारतो, आणि हवेपेक्षा जड असल्यानं गळाला तर जमिनीलगत साचून राहतो. गोबरगॅस कॉम्प्रेसरनं जुन्या सिलिंडरात भरायचा उद्योगही नको.

ट्रॅक्टर किंवा पिकअप गॅसवर न्यायचं असेल तर ते काम सीएनजीचं आणि अधिकृत केंद्राचं. डिझेलवरून सीएनजीवर आणलेला देशातला पहिला ट्रॅक्टर फेब्रुवारी २०२१ मध्ये नितीन गडकरींच्या हस्ते पुढे आला, तेव्हापासून गावोगावचे मिस्त्री मला विचारतात. पण सीएनजी टाकीत २०० बारच्या दाबानं भरलेला असतो. मंजूर किट, आरसीवर नोंद आणि दर तीन वर्षांनी टाकीची चाचणी, हे वगळून केलेलं काम रस्त्यावर आणू नये.

पऱ्हाट्यांचा गॅसिफायर, म्हणजे काड्या अपुऱ्या हवेत जाळून गॅस काढणारी भट्टी, हा वेगळा विषय. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलची टंचाई होती तेव्हा कोळशाच्या गॅसवर मोटारी चालल्या, आणि आपल्याकडे कपाशीच्या काड्यांना तोटा नाही. पण त्या गॅसमध्ये कार्बन मोनॉक्साइड असतो, ज्याला वासच नाही, आणि डांबर इतकं येतं की गाळणीची रोज सफाई लागते. गोबरगॅसवर हात बसल्याशिवाय तिकडे वळू नका.

टाकी पहिल्यांदा भरायची ती फेब्रुवारीच्या अखेरीस. शेण-पाणी सारख्या प्रमाणात, खडे आणि काडी-कचरा निवडून. कुजवणारे जंतू ३५ अंशांच्या आसपास सर्वांत जोमात असतात, आणि मार्च-एप्रिलचं आपलं ऊन त्यांना मानवतं. डिसेंबरात भरलेल्या शेजारच्या टाकीनं संक्रांत उलटली तरी ज्योत दिली नव्हती. थंडीत मी गॅस तिसऱ्या हिश्शानं कमी धरतो आणि तेव्हा इंजिनाऐवजी आधी चूल भागवतो. फेब्रुवारीत भरली, तर मेमध्ये डीपी जळेल तेव्हा ड्रम वर आलेला असेल.